एका एमजीबीचे मागचे शॉकअप दोनदा का बदलावे लागले

गाडी आणि तिची ठेवण

गाडी १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरची. मालक ती वर्षाला साधारण ३,००० किमी चालवतात. बहुतेक वेळा आत दोन माणसं आणि डिकीत दोन बॅगा असतात. शर्यतीचा विचार नाही, प्रदर्शनात उभी करायचीही नाही. डोंगरातल्या वळणांवरून निवांत लांब जायचं, त्यासाठी गाडी ठेवलेली.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली आणि शेवटपर्यंत तिच्या चारही चाकांना लीव्हर शॉकअपच होते. आजच्या गाड्यांना नळीत दांडा सरकणारा टेलिस्कोपिक शॉकअप असतो. लीव्हर शॉकअप म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची ओतीव पेटी, तिच्यातून आडवा गेलेला दांडा आणि त्या दांड्याला बाहेरून बसवलेला हात. चाक वर-खाली झालं की हात हलतो, दांडा फिरतो, आतले दोन पिस्टन तेल ढकलतात आणि त्या तेलाला झडपेतून वाट काढावी लागते. गाडीचा झोका शमतो तो या अडवणुकीमुळे.

पुढच्या बाजूला या शॉकअपवर दुसरंही काम सोपवलेलं आहे. त्याचे हात हेच सस्पेन्शनचे वरचे विशबोन, म्हणजे चाकाला धरून वर-खाली होऊ देणारे हात. चाक ज्या उभ्या खुंटीवर वळतं त्या किंगपिनचं वरचं टोक त्या हातांनाच धरलेलं असतं. म्हणजे पुढचा शॉकअप काढून टाकला तर चाक वरून धरायला काहीच उरत नाही. मागे मात्र साधी रचना आहे: सरळ एक्सल, कमानपाटे, आणि चासीच्या पट्टीला दोन बोल्टांनी लावलेला शॉकअप. त्याचा हात एका छोट्या दुव्याने पाट्याखालच्या प्लेटला जोडलेला. मागचा शॉकअप काढला तर गाडी झोके खाईल, पण एक्सल जागचा हलणार नाही. पुढे घ्यावे लागलेले निम्मे निर्णय या एका फरकावर ठरले.

मूळ तक्रार आणि पहिला उपाय

मालकांच्या तक्रारी तीन होत्या. ब्रेक लावला की नाक खाली जाऊन एकदा वर उसळायचं. खडबडीत वळणावर मागची बाजू आडवी सरकल्यासारखी वाटायची. आणि पुढच्या डाव्या शॉकअपखाली तेलाचा ओघळ दिसायचा.

त्यांनी आधी मागच्या बाजूला हात घातला, कारण तिथे बदल सोपा होता. टेलिस्कोपिक शॉकअपचा तयार संच आणला: वरचे दोन ब्रॅकेट, पाट्याखाली बसणाऱ्या दोन नव्या प्लेटा आणि मोनोट्यूब प्रकारचे जास्त दाबाच्या गॅसचे दोन शॉकअप. एका गॅरेजने ते एका दिवसात बसवून दिले. काढलेले लीव्हर शॉकअप भंगारात गेले.

पहिल्या दिवशी समाधान वाटलं. मागची बाजू थोडी उचललेली दिसत होती, गाडी घट्ट वाटत होती. आठवड्याभरात मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक सांध्याला पाठीत दणका बसू लागला. वळणात खड्डा आला की मागचं चाक चक्क उडी मारायचं. दोन माणसं आणि सामान असलं की धातूवर धातू आपटल्याचा आवाज यायचा. बदलाआधी गाडी सैल होती. आता ती भरवशाची राहिली नव्हती.

इथे दुसऱ्या कार्यशाळेला बोलावणं गेलं. मालकांची मागणी होती, "पुढेही टेलिस्कोपिक लावून टाका, म्हणजे गाडी एकसारखी होईल." कार्यशाळेने सुटे भाग मागवण्याआधी दोन दिवस फक्त मोजमापासाठी मागितले. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता.

मोजमाप: शॉकअपला जागा किती आहे?

शॉकअप निवडताना बहुतेक लोक कडकपणाबद्दल विचारतात. त्याआधी लांबी विचारायला हवी. पूर्ण मिटल्यावर तो किती लांब, पूर्ण उघडल्यावर किती लांब, आणि गाडीच्या चाकाची चाल त्या दोन टोकांच्या आत बसते का?

गाडी स्टँडवर घेऊन मागचे शॉकअप सोडवले. कमानपाटे तसेच असताना जॅकने एक्सल वर ढकलायला गेलं तर पाटे दबण्याऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाते. म्हणून पाट्यांची जुडी उतरवली, तिच्यातलं फक्त मुख्य पान ठेवलं आणि बाकीच्या पानांच्या जाडीइतका लाकडी ठोकळा मध्ये घालून यू-बोल्ट पुन्हा हलके आवळले. आता जॅकने एक्सल हवा तिथे नेता येत होता. वरच्या आणि खालच्या बोल्टाच्या मध्यांमधलं अंतर तीन स्थितींत मोजलं:

- बंप रबर (एक्सलला वर अडवणारा रबरी ठोकळा) निम्मं दबेपर्यंत एक्सल वर: २७५ मिमी
- गाडी रिकामी, चाकांवर उभी (हे माप जुडी उतरवण्याआधी, गॅसचे शॉकअप लावलेले असतानाच घेतलं होतं): ३३० मिमी
- एक्सल रिबाउंड पट्ट्यावर (एक्सलला ठरावीक अंतराखाली जाऊ न देणारा पट्टा) लटकलेला: जुन्या पट्ट्याने ४१३, नवा पट्टा लावून ४०० मिमी

त्यानंतर संचातला शॉकअप टेबलावर घेऊन दोन्ही टोकांना मोजला. मिटल्यावर २८८ मिमी, उघडल्यावर ४१० मिमी.

दुखणं या आकड्यांतच सापडलं. बंप रबराने एक्सल अडवायला हवा २७५ वर, पण शॉकअप २८८ वरच मिटून थांबत होता, म्हणजे १३ मिमी आधी. रिकाम्या गाडीत खाली जायला ४२ मिमी जागा होती. दोन माणसं आणि सामान चढलं की त्यातली १८ मिमी जायची आणि उरायची २४. जरा मोठा खड्डा आला की शॉकअपच्या आतला पिस्टन तळाला आपटायचा. रबर हळूहळू कडक होत जातं, धातूचा तळ एकदम अडवतो. त्या क्षणी चाकाचं सस्पेन्शनच संपतं, टायरची पकड सुटते आणि चाक उडी मारतं. मालकांना जो कडकपणा वाटत होता तो झडपेचा नव्हताच.

दुसरं टोकही चुकलेलं होतं. जुना रिबाउंड पट्टा ताणून लांबला होता, त्यामुळे लटकताना एक्सल ४१३ वर जायचा आणि शॉकअप तर ४१० वरच संपायचा. एक्सलचं वजन शॉकअपच्या डोळ्यांवर, म्हणजे टोकांच्या बोल्टाच्या कड्यांवर येत होतं. दोन्ही बाजूंच्या खालच्या डोळ्यातलं रबर एका कडेने फाटलेलं सापडलं, ते त्यामुळेच.

मोनोट्यूब शॉकअपमध्ये गॅसचा कप्पा तेलाच्याच रांगेत, तरंगत्या पिस्टनच्या पलीकडे असतो. त्यामुळे तेवढ्याच चालीसाठी त्याला ट्विनट्यूबपेक्षा (नळीत नळी असलेल्या शॉकअपपेक्षा) जास्त लांबी लागते. या संचाच्या शॉकअपची चाल १२२ मिमी होती आणि निव्वळ अंगाची लांबी १६६. ज्या गाडीत मुळातच चाल कमी आहे तिथे हा हिशेब आधी करायला हवा होता.

मागची बाजू उचलली गेली त्याचाही उलगडा झाला. शॉकअपचा दांडा ११ मिमी व्यासाचा, म्हणजे त्याचं छेदक्षेत्र सुमारे ९५ चौ. मिमी. आतला दाब साधारण २० बार. दाब आणि क्षेत्रफळाचा गुणाकार केला तर तो दांडा नेहमीच सुमारे १९० न्यूटन जोराने बाहेर ढकलत असतो. शॉकअप उभ्या रेषेपासून २५ अंश कललेला असल्याने त्यातले १७० एक न्यूटन वर लागतात. गाडीत मागच्या एक्सलच्या वर वाळूच्या पोत्यांचं ज्ञात वजन ठेवून पाट्यांचा कडकपणा मोजला, तो दर चाकाला सुमारे १८ न्यूटन प्रति मिमी निघाला. म्हणजे निव्वळ गॅसने गाडी जवळजवळ साडेनऊ मिमी उचलली होती. मालकांना ती सुधारणा वाटली. प्रत्यक्षात थकलेल्या पाट्यांवर पांघरूण पडलं होतं.

शेवटची तपासणी वरच्या ब्रॅकेटची. मूळ लीव्हर शॉकअप चासीला चिकटून बसतो. संचाचं ब्रॅकेट मात्र साधारण ६० मिमी बाहेर येऊन शॉकअपचा बोल्ट धरतं, त्यामुळे प्रत्येक धक्क्याला ते वाकू पाहतं. रोजच्या चालीत याने बिघडत नाही. शॉकअप तळाला आपटतो तेव्हा मात्र जोर कितीतरी पट वाढतो. उजव्या ब्रॅकेटवर वेल्डिंगच्या कडेचा रंग रेषेत उडालेला होता. तो भाग घासून डाय पेनिट्रंट (चिरांत शिरून त्या दाखवणारा रंग) फवारल्यावर १४ मिमी लांबीची केसासारखी चीर लाल उमटली. आणखी काही महिने गाडी तशीच चालली असती तर ब्रॅकेट रस्त्यावर तुटलं असतं.

शॉकअपच्या भोवतीचं

पाट्यांच्या शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्यात) कोणी तरी पॉलियुरेथेनचे बुश घातले होते आणि ते एक्सल लटकलेला असताना आवळलेले होते. शॅकल हाताने फिरवायला गेलं तर जॅम. डाव्या पाट्याखालचं रबरी पॅड यू-बोल्ट जास्त आवळल्याने चिरडून बाहेर आलेलं. टायरची नक्षी भरपूर होती, पण रबर जुनं होऊन टणक झालं होतं. यातल्या कुठल्याच गोष्टीला शॉकअप जबाबदार नाही, तरी चालकाच्या पाठीला सगळ्यांचा मिळून एकच दणका जाणवतो.

पुढे, डाव्या शॉकअपचा हात दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवला तर दांडा पेटीत खळखळत होता. उजव्यात कमी, पण होताच. दांडा आणि त्याचं भोक झिजलं की सील कितीही नवा घाला, तेल गळतंच, कारण दांडा सीलच्या मध्यात राहत नाही. आणि तोच दांडा विशबोनचा सांधा असल्याने चाकाचा कोनही ब्रेक लावताना बदलतो. किंगपिन आणि चाकाचे बेअरिंग तपासले, ते ठीक होते.

पर्याय

*तेल भरून भागवणं.* लीव्हर शॉकअपसाठी खास पातळ तेल सांगितलेलं आहे, आणि ते मिळालं नाही तर एसएई २०/२०डब्ल्यू दर्जाचं खनिज तेल चालतं. बरेच जण गळती थांबावी म्हणून त्यात जाड तेल ओततात. त्याने तेल थंड असताना पहिल्या काही किलोमीटरांत गाडी दगडासारखी होते, तेल तापल्यावर पुन्हा सैल पडते, आणि झिजलेल्या भोकातून गळती चालूच राहते. झीज नसती तर योग्य तेल भरून पाहणं हा पहिला उपाय ठरला असता. इथे तो बाद.

*पुढे टेलिस्कोपिक, जुनी पेटी ठेवून.* या पद्धतीत लीव्हर शॉकअपची झडप निकामी करून त्याचा फक्त विशबोन म्हणून वापर होतो आणि शेजारी टेलिस्कोपिक शॉकअप लावतात. मालकांच्या मनात हेच होतं. पण दांड्याची झीज तशीच राहिली तर चाकाचा खेळ तसाच राहणार, म्हणजे पेटी दुरुस्त करावीच लागणार. आणि पेटी नव्या बुशांनी, सीलने दुरुस्त झाली की तिच्यातला शॉकअपही पुन्हा काम करायला लागतो. मग वर दुसरा शॉकअप कशासाठी? हा मुद्दा समोर मांडल्यावर मालकांनी मागणी मागे घेतली.

*पुढचं सगळं सस्पेन्शन बदलणं.* नवे वरचे विशबोन आणि कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग भोवती बसलेले शॉकअप. काम चांगलं होऊ शकतं, पण स्प्रिंगा, चाकांचे कोन आणि गाडीची उंची सगळं नव्याने जुळवावं लागतं. निवांत प्रवासासाठी ठेवलेल्या गाडीला त्याची गरज नव्हती.

*पुढे पुनर्बांधणी केलेले लीव्हर शॉकअप.* पेटीचं भोक नव्याने कापून त्यात बुश, नवा किंवा ग्राइंड केलेला दांडा, लिप सील आणि तपासलेली झडप. झडप मूळची की २५ टक्के कडक? स्प्रिंगा मूळच्याच ठेवायच्या होत्या म्हणून झडपही मूळची ठरली. कडक झडप घातली असती तर नाक कमी डुललं असतं, पण लहान खड्डे जास्त जाणवले असते. मालकांना दोन्हींचा अर्थ समजावून विचारलं, आणि त्यांनी मूळची निवडली.

*मागे काय?* खरी ओढाताण इथे झाली. मागेही पुनर्बांधणी केलेले लीव्हर शॉकअप लावणं हा सर्वांत साधा मार्ग होता: ब्रॅकेट नाहीत, कललेली बसवणी नाही, चासीवर नवे ताण नाहीत. अडचण एवढीच की पुनर्बांधणी करणारे सहसा जुना शॉकअप बदल्यात मागतात, आणि मालकांचे भंगारात गेले होते. शिवाय मूळच्या खालच्या प्लेटा आणि दुवेही उरले नव्हते. दुसरीकडे, टेलिस्कोपिकचं ब्रॅकेट नव्याने बनवून लांबी बरोबर जुळवली तर तेही चांगलं चालतं आणि कडकपणा घरबसल्या बदलता येतो. कार्यशाळेचा कल लीव्हरकडे होता, मालकांचा टेलिस्कोपिककडे. मापं बसवून दाखवता आली म्हणून टेलिस्कोपिक ठरलं. जुने शॉकअप जपून ठेवलेले असते तर निर्णय कदाचित उलटा लागला असता.

मागचं काम

वरचं ब्रॅकेट ६ मिमी प्लेटचं नवं केलं आणि बोल्टाचा डोळा एकाच बाजूने न धरता दोन कानांमध्ये घेतला. चासीची भोकं आतून-बाहेरून साफ करून गंज आणि चिरा पाहिल्या. भोकं गोल होती, लांबट झालेली नव्हती. मूळच्या बोल्टांच्याच मापाचे नवे बोल्ट आणि नवे लॉकनट लावले.

खालच्या प्लेटवरचा बोल्ट २० मिमी खाली घेतला. शॉकअप कललेला असल्यामुळे त्याच्या रेषेत हे १८ मिमी भरले. नवी मापं अशी झाली: पूर्ण वर २९३, लटकलेला ४१८. आता मिटल्यावर २८३ आणि उघडल्यावर ४२५ मिमी असा कमी दाबाचा ट्विनट्यूब शॉकअप निवडता आला. वरच्या टोकाला १० मिमी, खालच्या टोकाला ७ मिमी राखीव. एक्सलला वर बंप रबर अडवणार, खाली पट्टा अडवणार, आणि शॉकअपवर कुठेच टोक गाठायची वेळ येणार नाही.

बोल्ट खाली घेण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. टायर पंक्चर होऊन गाडी रिमवर आली तर ब्रॅकेट रस्त्याला घासेल का? मागच्या दोन्ही रिमच्या खालच्या कडांना दोरी ताणून पाहिली, तर प्लेटचं सर्वांत खालचं टोक दोरीच्या ३१ मिमी वर होतं. त्याच वेळी एक्झॉस्टचा पाइप, टायरची आतली कड आणि हातब्रेकची केबल यांपासूनचं अंतर एक्सल वर-खाली करून पाहिलं. अगदी जवळ आलेली जागा टायरची होती, १२ मिमी. पुरेशी आहे, पण रुंद टायर घालायचे झाले तर नाही.

शॅकलमध्ये पुन्हा रबरी बुश घातले, पाट्याची पॅडं नवी टाकली, यू-बोल्टांना नवे नट लावले. पॅड सपाट बसेपर्यंतच आवळले. रबर कडेने फुगू लागलं की थांबायचं. पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट हाताने घट्ट करून ठेवले आणि गाडी चाकांवर उतरवून, दोन-तीनदा दाबून स्थिरावल्यावरच शेवटचे आवळले. रबर बुश ज्या स्थितीत आवळाल ती त्याची शून्य स्थिती होते. लटकत्या एक्सलवर आवळले तर गाडी खाली येताच तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

पुढचं काम

इथे एक धोका आहे आणि तो स्पष्ट लिहायलाच हवा. पुढच्या शॉकअपचा हात वरून चाकाला धरतो, आणि खालच्या विशबोनवर दबलेली स्प्रिंग बसलेली असते. हात सोडवला आणि खालचा विशबोन टेकवलेला नसला, तर स्प्रिंग पूर्ण जोराने उसळते. हाताची हाडं मोडण्याइतका हा जोर असतो. म्हणून चासी स्टँडवर, आणि स्प्रिंगच्या बशीखाली वेगळा जॅक, तोही हात आपल्या खालच्या थांब्यावरून किंचित उचलला जाईपर्यंत चढवलेला. काम संपेपर्यंत त्या जॅकला कुणी हात लावायचा नाही.

मग चाक काढून, वरच्या सांध्याचा नट आणि पिन. हातांपैकी एकाचा आवळ-बोल्ट सैल केला की दोन हात जरासे फाकतात आणि बुश सहज निघतात. तो सैल न करता पान्याने हात फाकवले तर ओतीव भाग तडकतो. हब बाहेर कलतो, त्याला तारेने वर बांधून ठेवलं, म्हणजे ब्रेकच्या होजवर वजन येत नाही. शेवटी क्रॉसमेंबरवरचे चार बोल्ट.

पुनर्बांधणी होऊन आलेले शॉकअप बसवण्याआधी व्हाइसमध्ये सरळ उभे धरले आणि हात पूर्ण टोकापासून टोकापर्यंत हळूहळू हलवला. डाव्यात सुरुवातीला तीन-चार फेऱ्यांत हात मध्येच काही अंश मोकळा जात होता: आत हवा. दहा-बारा फेऱ्यांनंतर विरोध दोन्ही दिशांना एकसारखा लागला, तेव्हा भोकाच्या तळापर्यंत तेल भरून प्लग लावला. शॉकअप आडवा ठेवून आणला की हवा झडपेत शिरते. हे केल्याशिवाय गाडीवर चढवला तर नवा शॉकअपही पहिल्या दिवशी सैल वाटतो आणि दोष पुनर्बांधणी करणाऱ्याला लागतो.

चार बोल्ट ४३ ते ४५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ५८ ते ६१ न्यूटन-मीटर टॉर्कने आवळले. वरच्या सांध्याचे बुश नवे, आणि त्याचा नट इथेही गाडी चाकांवर आल्यावर. शेवटी चाकांचा टो, म्हणजे वरून पाहताना ती किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, मोजून जुळवला.

कडकपणा जुळवणं

मागच्या शॉकअपला बाजूला खाचांची फिरकी होती. सुरुवातीचा अंदाज हिशेबाने घेतला. मागच्या एका पाट्यावर तोललेलं गाडीचं वजन साधारण १८५ किलो आणि पाटा १८ न्यूटन प्रति मिमी. यावरून झोका अजिबात उरू न देणारा विरोध सुमारे ३,६५० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येतो. प्रवासी गाडीला त्याच्या तीस टक्क्यांच्या आसपास पुरे, म्हणजे चाकापाशी १,१००. शॉकअप २५ अंश कललेला असल्याने त्याच्या विरोधाचा ८२ टक्के भागच एक्सलला मिळतो, म्हणून शॉकअपला स्वतःला साधारण १,३५० द्यावे लागतात. उत्पादकाच्या आलेखावर हे सर्वांत मऊ टोकापासून तिसऱ्या-चौथ्या खाचेपाशी येत होतं.

पुढचं काम रस्त्यावर झालं. चार किलोमीटरचा एकच तुकडा, त्यात एक खडबडीत वळण, दोन गतिरोधक आणि सांध्यांचा एक पूल. टायर थंड असताना दाब तपासून, दरवेळी तीच दोन माणसं बसवून, एका फेरीत एकच बदल. शॉकअपच्या दांड्यावर बारीक केबल टाय घट्ट सरकवून ठेवला होता. फेरीनंतर तो दांड्याच्या टोकापासून किती दूर राहिला ते मोजलं की किती चाल शिल्लक होती ते कळतं.

दुसऱ्या खाचेवर पुलाच्या सांध्यांनंतर मागची बाजू दीड झोका घ्यायची. सहाव्यावर ती एका झटक्यात थांबायची, पण वळणातल्या खड्ड्यांवर चाक पुन्हा टपटपायला लागलं. खाच चार कायम झाली. तिथे सामानासह केबल टाय टोकापासून १६ मिमी दूर राहिला. जुन्या संचावर तो दांड्याच्या अगदी शेवटाला जाऊन चेपला होता.

कमी दाबाच्या गॅसमुळे मागची बाजू आधीपेक्षा ६-७ मिमी खाली बसली. मालकांना ते पहिल्यांदा आवडलं नाही. भरल्या गाडीत खाली जायची चाल २४ ऐवजी ३१ मिमी झाली. ७ मिमी म्हणजे फारसं काही नाही, हे खरं. मोठा फरक शेवटाचा आहे: आता तो शेवट रबरात होतो.

निकाल

साधारण ३,००० किमीनंतरच्या तपासणीत पुढचे दोन्ही शॉकअप कोरडे होते आणि हातांना खेळ नव्हता. नवी ब्रॅकेट धुऊन डाय पेनिट्रंटने पुन्हा पाहिली, चीर नाही. ब्रेक लावल्यावर नाक अजूनही खाली जातं, मूळ स्प्रिंगांवर ते जाणारच, पण उसळी येत नाही. वळणातली उडी गेली. एक हलका टकटक आवाज पहिल्या ५०० किमीत सुरू झाला होता. तो मागच्या डाव्या शॉकअपच्या खालच्या बोल्टाचा निघाला. शॉकअपच्या डोळ्यातली स्लीव्ह (बोल्टाभोवतीची धातूची नळी) प्लेटच्या कानांमधल्या जागेपेक्षा अर्धा मिमी आखूड होती, त्यामुळे बोल्ट आवळूनही ती पकडली जात नव्हती. योग्य जाडीचं वॉशर घातल्यावर आवाज थांबला.

टायर अजून जुनेच आहेत. दणक्याचा काही भाग त्यांचा आहे आणि तो तसाच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी तिन्ही मापं घेतली असती तर पहिला संच विकतच घेतला गेला नसता. त्यासाठी कार्यशाळा लागत नाही. पट्टी, दोन स्टँड, जॅक आणि एक दुपार पुरते. पाटे उतरवायचे नसतील तरी शॉकअप मिटल्यावर किती लांब भरतो ते आणि बंप रबरापर्यंतचं अंतर एवढं ताडून पाहिलं असतं, तरी १३ मिमीची चूक दिसली असती.

पुढचा डावा शॉकअप गळत होता आणि पहिल्या गॅरेजने मागचे बदलले. आधी पुढचे दुरुस्त करून, शॅकलचे बुश आणि टायर बदलून गाडी चालवून पाहिली असती, तर मागच्या तक्रारीतला किती भाग मागच्या शॉकअपचा होता ते कळलं असतं. आता ते कळायला मार्ग नाही, कारण मूळ शॉकअप तपासायला शिल्लक नाहीत. जुना भाग कितीही गळका असला तरी नवा किमान एक वर्ष नीट चालेपर्यंत तो डब्यात घालून, नाव-बाजू लिहून ठेवायला हवा.

दुसऱ्या कार्यशाळेकडूनही एक गोष्ट राहून गेली. गॅसचा आधार कमी होणार हे गणितात आधीच दिसत होतं, तरी मालकांना उंची कमी होण्याबद्दल काम झाल्यावर सांगितलं गेलं. हाच आकडा आधी दाखवला असता तर पाटे त्याच वेळी पुन्हा कमान देऊन घेता आले असते. जुडी तर मापासाठी उतरवलेलीच होती. उजवा पाटा डाव्यापेक्षा ८ मिमी बसलेला आहे. तो पुढच्या हिवाळ्यात करायचा ठरलं आहे. कमान वाढली की गाडी उभी असतानाचं माप बदलेल, म्हणून त्या दिवशी दांड्यावर नवा केबल टाय चढवून तीच चार किलोमीटरची फेरी पुन्हा करावी लागेल.